बंद घड्याळासाठी कन्व्हर्टर

सकाळचा प्रकाश निवडावा लागत नाही. तो निविदेशिवाय येतो. लातूरच्या आमच्या घरात तो समोरच्या भिंतीच्या वरच्या कडेला टेकतो, कुणाचीच वाट पाहत नसल्यासारखा खाली उतरतो, बंद घड्याळाच्या काचेवर रेंगाळतो आणि खुंटीपाशी पोचतो. तो खुंटीपाशी आला की अप्पा इष्टलिंगाच्या पूजेला बसतात. घड्याळ दिवाळीपासून बंद आहे.

विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकल्यामुळे ते चालू करण्याची जबाबदारी (अन्य उमेदवार नसल्याने) माझ्याकडे आली. इन्व्हर्टरच्या बॅटरीचे बारा व्होल्ट दीडवर आणणारा, स्वस्त आणि कार्यक्षम स्विचिंग कन्व्हर्टर निवडायचा, एवढेच काम होते. पहिला कागदावर कार्यक्षम होता; पण त्याचा स्वतःचा लाल दिवाच घड्याळाच्या कितीतरी पट वीज खात होता. दुसरा मितभाषी निघाला, मात्र घड्याळाहून महाग. तिसरा सर्वगुणसंपन्न, परंतु हजार नगांच्या खाली मिळत नव्हता. (जिल्ह्यात तेवढी बंद घड्याळे आहेत का, याचे सर्वेक्षण विचाराधीन आहे.)

"संगमेश, कधी लागंल रे घड्याळ?" अप्पा विचारत.

"अप्पा, लहान भाराला कार्यक्षमता टिकत न्हाई."

पोरगा संशोधन करायलाय, असे ते गंज बाजारात अभिमानाने सांगत.

रविवारी उदगीरहून मुलीकडचे पाहुणे घर बघायला आले. मंजुश्री, म्हणजे मुलगीही आली होती (प्रक्रिया आता पारदर्शक झाली आहे). मला ती आवडली, म्हणून मी तिच्याकडे पाहिले नाही. घड्याळाकडे पाहत, चहा दोनदा होईपर्यंत, मी लहान भाराच्या व्यथेवर बोललो. तिने सगळे शांतपणे ऐकले.

"सेल बदलून बघितला का?"

आईने घाईने चिवडा पुढे केला. तो तात्पुरता उपाय आहे, असे मी म्हणालो.

उदगीरहून अद्याप निरोप नाही. तिकडेही कमी खर्चाचा, कार्यक्षम पर्याय शोधणे चालू असावे.

वाचकांनी हसू नये. आपल्याही भिंतीवर असे काहीतरी बंद आहे, आणि ते का बंद आहे याचे उत्तम स्पष्टीकरण आपल्यापाशी तयार आहे. माझे आकृतीसह आहे, इतकाच फरक.

आज प्रकाश खुंटीपाशी आला तेव्हा अप्पा पूजेला बसले नाहीत. समोरच्या किराणा दुकानातून आणलेला एक सेल त्यांनी माझ्या आकृत्यांवर ठेवला.

घड्याळातला सेल संपला होता.