तळघरातली मोजणी

"सरकारी कचेरीतून नकाशा काढणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!" बायकोला एवढं ऐकवून मी ऐटीत घराबाहेर पडलो.

नकाशा आमच्या प्लॉटचा. शेजारच्या पैलवानाने कुंपणाच्या भिंतीसाठी चर खणायला घेतला होता, आणि तो चर आमच्या परसात शिरला होता! तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती. हा गृहस्थ खोकला तरी आमच्या मांडणीतल्या कपबश्या वाजतात!

चौकशीच्या खिडकीतल्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "जुन्या नोंदी तळघरात."

तळघरात कारकून जेवणाचा डबा हातात घेऊन उभा होता.

"मला जुन्या नोंदी बघता येतील?"

"सार्वजनिक नोंदी आहेत. कोणीही बघा."

मी रॅकच्या रांगांमध्ये पार आतपर्यंत घुसलो. तेवढ्यात दिवे गेले, दार धाडकन आपटलं आणि कुलूप खटकलं!

"अहो! मी आत आहे!"

कारकून जेवायला गेला होता. मी मोबाइलचा टॉर्च लावला. उजेड समोरच्या पाटीवर पडला. 'मृत्यू'. डावीकडे वळवला. 'मृत्यू'. उजवीकडेही तेच! मी दचकून मागे सरलो, तसा मोबाइल निसटून रॅकखाली गेला आणि टॉर्चही विझला. मिट्ट काळोख!

आणि त्या काळोखात कोणीतरी श्वास घेत होतं. मी नव्हे. माझा केव्हाच अडकला होता.

"क-कोण आहे? मी घाबरत नाही हं!"

पलीकडून घोगरा आवाज आला, "मी घाबरतो!"

लगेच एका भल्यामोठ्या पंजाने माझा दंड धरला. मी किंचाळलो. पंजाचा मालकही किंचाळला! ती किंकाळी ओळखीची निघाली. पैलवान!

आता मात्र माझं पाणी पाणी झालं. भूत परवडलं, त्याला निदान कुंपण घालायचं नसतं! हा माझ्या मागावर आला असणार. इथेच गळा दाबला तर नोंदही जागच्या जागी होईल!

"पैलवान, चर हवा तिकडे खणा! अगदी स्वयंपाकघरातून न्या!"

"भाऊ, चराचं मरू दे. हात सोडू नका! मला लहानपणापासून अंधाराची…" पुढचे शब्द हुंदक्यात बुडाले.

"पण तुम्ही इथे कसे?"

"तुम्ही कोर्टात खेचणार असं ऐकलं. कोर्टाची मला अंधाराइतकीच भीती. म्हटलं, आपणच आधी नकाशा बघावा. बोलत राहा ना भाऊ! भिंत तुम्ही म्हणाल तिथे घेतो!"

मग मी बोलत राहिलो. भिंत कुठे असावी, किती आत सरकावी, आमच्या पेरूच्या झाडापासून किती लांब राहावी, सगळं. तो प्रत्येक वाक्याला "हो भाऊ" म्हणत माझ्या खांद्यावर डोकं टेकत होता. रॅकमागे काही खुडबुडलं की आम्ही दोघेही एकमेकांना घट्ट बिलगत होतो. रडत कोण जास्त होतं, हे अंधारात कळत नव्हतं.

अखेर दार उघडलं, दिवे लागले. मृत्यूच्या नोंदींसमोर दोन मोठी माणसं गळ्यात गळा घालून रडताना पाहून कारकुनाचा चेहराच उतरला. त्याने हळूच विचारलं, "घरचं कोणी गेलं का?"

"नाही हो! प्लॉटचा नकाशा हवाय!"

"तो दुसऱ्या मजल्यावर. हा जन्म-मृत्यू विभाग."

दुसऱ्या मजल्यावर जायचं त्राण आमच्यात नव्हतं. रॅकखालून मोबाइल काढला आणि घर गाठलं.

"आणलात नकाशा?" बायकोने दारातच विचारलं.

"नकाशा कशाला? पैलवानाला असा सज्जड दम भरला, की भिंत मागे घेतो म्हणाला!"

बायको चक्क कौतुकाने बघायला लागली. इतक्यात चरापलीकडून पैलवानाचा आवाज गडगडला, "वहिनी, भाऊंना गरम काहीतरी प्यायला द्या! अंधारात फार भ्यायले होते बिचारे. मी मिठी मारून धीर दिला म्हणून निभावलं!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पैलवानाकडे पाहिलं. खरं काय ते सांगायला तोंडही उघडलं.

मग मिटलं. भिंत अजून बांधायची होती!