माळावरचा चिखल

समिती अकराला येणार होती, पण साहेब आठलाच माळावर हजर होते. या खडकाळ, कोरड्या जमिनीत त्यांनी वीस क्लोन लावले होते. एकेका झाडापासून केलेली हुबेहूब रोपं, प्रत्येकाची चाळीस. अट एकच, पाण्याचा थेंब घालायचा नाही. तरीही जो वाढेल तो इमारती लाकडासाठी निवडायचा. सात वर्षांनी सतरा नंबर पहिला आला होता. अहवाल मंजूर झाला की साहेबांची बदली बायकोमुलांच्या गावी व्हायची होती.

सतरा नंबरच्या बुंध्याशी त्यांचा बूट चिखलात रुतला. त्यांनी राखणदाराला हाक मारली.

"इथं पाणी कुठून आलं?"

"मी घातलं, साहेब. लहानपणी फार किडकिडीत होतं हो हे. जीव तुटायचा बघून."

"या एकालाच ना?"

"असं कसं? चाळीसच्या चाळीस. सख्खी भावंडं ती, एकाला पाजायचं आणि दुसऱ्याला नाही?"

साहेब मटकन दगडावर बसले. म्हणजे सात वर्षं आपण झाडं नाही, या गृहस्थाची बादली मोजत होतो. कर्म आपलं.

"दुसरा आलेल्या नऊ नंबरला तरी नाही ना घातलंस?"

"छे, मी नाही. नऊ बायकोकडे असतो. तीन सासूबाईंकडे. बारा थोरल्या लेकीकडे."

"आणि बाकीचे?"

"ते मेले की. तुम्हीच तर मोजलेत."

"म्हणजे एकही क्लोन कोरडा नाही?"

"आहे ना, चार नंबर. तो पहिल्यापासून आपला आपला वाढला, म्हणून कुणी लक्षच दिलं नाही."

चार नंबर अहवालात पाचवा होता, शेरा 'मध्यम'. पाण्याशिवाय पाचवा! साहेब ताडकन उठले. "चल, दाखव."

"आता कसा दाखवू? मध्यम तो सगळा तोडून समितीच्या मांडवाला खांब करा, असं परवा तुम्हीच सांगितलंत."

अकराला समितीचे अध्यक्ष मांडवात बसले आणि त्यांनी शेजारच्या खांबावर थाप मारली. "लाकूड सरळ आहे, टणकही. हे कुठलं?"

साहेबांनी अहवाल मिटून पिशवीत टाकला. बदलीही त्याच पिशवीत गेली. "आमचा पहिला नंबर," ते म्हणाले. "बुडख्यांना धुमारे फुटतील. पण पुन्हा मोजावं लागेल. सात वर्षं."

बोलता बोलता त्यांची नजर मांडवाबाहेर गेली. चार नंबरच्या उघड्या बुडख्यांकडे बघून राखणदाराचे डोळे भरून आले होते, आणि हातात काठोकाठ भरलेली बादली होती.

"ती बादली खाली ठेव," साहेब म्हणाले.