कवळी फुटली कुठून?

‘‘माझी नजर भिंतीपलीकडचं पाहते, माझ्या कानांना मनातलं ऐकू येतं आणि खोट्याचा वास मला लांबूनच लागतो!’’

गुप्तहेर दाजींनी ही ओळख करून दिली ती दवाखान्याच्या काचेच्या दाराला. दार इतकं लख्ख पुसलेलं होतं, की ते तिथे आहे हे दाजींना नाक आपटल्यावरच कळलं. मेहुण्याने रुमाल पुढे केला. ताईचं लग्न झाल्यापासून तो दाजींचा मदतनीस होता; पगार नव्हता, सुटकाही नव्हती.

आत दातांचे डॉक्टर तोंड पाडून बसले होते. गाण्याच्या बाईंना कवळी आहे, ही गोष्ट बाई, डॉक्टर आणि देव एवढ्यांनाच ठाऊक. पण परवा क्लासमध्ये मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, ‘‘सूर पक्का आहे हो, दातांचं काय?’’ बाईंनी त्याच दिवशी क्लास बंद केला आणि खापर डॉक्टरांवर फोडलं.

‘‘आता पेशंट माझ्यापुढे तोंडच उघडेनात!’’ डॉक्टर कळवळले.

दाजींनी तपास हाती घेतला. आधी खुर्चीतला छुपा मायक्रोफोन शोधताना भलताच खटका दाबला गेला आणि दाजी पाय वर, डोकं खाली असे अडकले. सुटका झाल्यावर त्यांनी माशांच्या टाकीकडे बोट दाखवलं.

‘‘बघ, सारखं काहीतरी सांगताहेत.’’

‘‘श्वास घेताहेत, दाजी.’’

‘‘तसं भासवताहेत!’’

शेवटी ते रिसेप्शनवरच्या मुलीकडे वळले. ‘‘तुम्ही सारख्या दात का दाखवता?’’

‘‘दातांच्या दवाखान्यात आणखी काय दाखवू?’’

‘‘हीच ती!’’

‘‘पण पुरावा?’’ मेहुण्याने विचारलं.

‘‘पुरावा सापडत नाही, हाच पुरावा. किती सफाईने काम केलंय!’’

डॉक्टर आधीच टेकीला आले होते. ‘‘उद्यापासून येऊ नका,’’ ते तिला म्हणाले. ती आपला डबा पिशवीत भरू लागली.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन वाजला. ताई होती.

‘‘अरे, दवाखान्याने माझ्या दाढेच्या एक्स-रेची लिंक पाठवली होती ना? पत्त्याचं शेपूट चुकून पुसलं गेलं, तर अख्खा दवाखानाच उघडला! सगळ्यांचे एक्स-रे, नावानिशी! गाण्याच्या बाईंची कवळी वरून, खालून, बाजूने!’’

‘‘पासवर्ड?’’

‘‘कुणी विचारलाच नाही.’’

डॉक्टरांनी तसंच करून पाहिलं आणि घाम पुसला. वेबसाइट बनवणारा फोनवर शांतपणे म्हणाला, ‘‘हां, फोल्डर बाहेरच्यांना दिसतंय. बंद करायचं राहिलं. पासवर्डचं तुम्ही बोललाच नव्हता.’’

फोल्डर लगेच बंद झालं. पण ज्यांनी पाहिलं, त्यांच्या डोळ्यांवर कोण पडदा टाकणार? डॉक्टरांनी उभं राहून त्या मुलीची माफी मागितली आणि एकेका पेशंटला स्वतः फोन करायला घेतले.

‘‘चोर आत शिरलाच नव्हता, हे मी ओळखलं होतं,’’ दाजी म्हणाले. मुलीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनीही घाईघाईने माफी मागून टाकली.

संध्याकाळी गाण्याच्या बाई तावातावाने आल्या. सगळं ऐकून घेतल्यावर थबकल्या.

‘‘म्हणजे सगळ्यांचंच दिसत होतं? त्या मागच्या रांगेतल्याचंही? त्याचे दात तरी खरे आहेत का?’’

डॉक्टर ताठ बसले. ‘‘ते मी सांगू शकत नाही, बाई.’’

बाई खळखळून हसल्या. ‘‘एवढंच ऐकायचं होतं. क्लास उद्यापासून सुरू.’’