तोंडी परीक्षा आणि वहिनींची दाढ

पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेच्या सकाळीच वहिनींची दाढ ठणकायला लागली. आधुनिक ज्यू विचारवंत आणि युरोपातलं तत्त्वज्ञान यांच्यातला संवाद या विषयावर त्या इतकी वर्षं खपत होत्या की तेवढ्यात लेक बालवाडीतून सातवीत गेली. आणि नेमक्या आज त्या गाल धरून नणंदेच्या दवाखान्यात बसल्या होत्या.

"एक इंजेक्शन देते, वहिनी," दातांची डॉक्टर असलेली नणंद म्हणाली. "दाढच काय, शेजारचे दातही गप्प बसतील."

दात गप्प झालेच, पण विद्यापीठात पोचेपर्यंत जीभही गप्प बसली.

"अगं, अशी गाल फुगवून काय उभी?" मार्गदर्शक बाई दारातच भेटल्या.

"इंदेक्फन."

"अरे देवा! आता पुढे ढकलता यायचं नाही. बाहेरचे परीक्षक येऊन बसलेत. तू नुसती मान हलव."

आत गेल्यावर बाहेरच्या परीक्षकांनी प्रबंध उघडला. "दुसऱ्याचा चेहरा समोर आला की आपल्यावर त्याची जबाबदारी येते, असं तुम्ही मांडलंय. या विचाराचं मूळ कुठलं? ज्यू धर्मग्रंथांतलं की युरोपीय तत्त्वज्ञानातलं?"

वहिनींना म्हणायचं होतं, 'दोन्हींतलं.' तोंडातून निघालं, "धो... फ्फ..."

"धर्मग्रंथ! वाटलंच मला," परीक्षक खूश झाले.

"छे हो! त्या फिलॉसॉफी म्हणाल्या," विभागप्रमुख म्हणाले.

"मी 'ध' ऐकला!"

"आणि मी 'फ'! चौथं प्रकरण नीट वाचलंय का तुम्ही?"

मग काय, जुंपलीच. प्रबंधाची पानं फडफडली, चहा गार झाला, विभागप्रमुख तावातावाने उभे राहिले. वहिनी कधी इकडे, कधी तिकडे मान हलवत राहिल्या. बाईंनी तर डोळेच मिटून घेतले होते.

अखेर परीक्षक दमून खुर्चीत टेकले. "संवादावर लिहिणारे पुष्कळ पाहिले. पण इतकं शांतपणे ऐकून घेणारं माणूस पहिल्यांदाच पाहतोय. पदवी द्यायला माझी काही हरकत नाही."

"माझीही नाही," विभागप्रमुख घाम पुसत म्हणाले.

बाहेर येताच बाईंचा जीव भांड्यात पडला. "सुटलो बाई एकदाच्या! बधिरपणा कधी उतरणार म्हणे?"

"मघाशीच उतरला," वहिनी खणखणीत आवाजात म्हणाल्या. "चहा आला तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"एवढं लिहिलेलं कुणी वाचेल असं मला कधी वाटलंच नव्हतं, बाई. ते दोघं माझीच वाक्यं तोंडपाठ म्हणत भांडत होते." वहिनींचे डोळे भरून आले होते. "ऐकतच राहावंसं वाटलं."