भाकरी संपल्याची बातमी

सोलापूरच्या त्या रेडिओ केंद्रात बातम्यांचा विभाग म्हणजे दोनच माणसं. बातम्या लिहिणारी आणि वाचणारी वैजयंती, आणि बाहेर हिंडून त्या आणणारा युवराज. त्या दिवशी टँकर आडवा झाल्यामुळे मंगळवेढ्याकडचा महामार्ग सकाळपासून बंद होता. युवराज तिथं जाऊन बसला होता आणि वैजयंती तासातासाला तेच ते वाचून कंटाळली होती. शेवटी तिनं त्याला फोनवर सांगितलं, काहीतरी माणसांचं पाठव.

त्यानं पाठवलं. रस्त्याकडेच्या वस्तीवर तानाबाई नावाच्या आजी अडकलेल्या प्रवाशांना गरम भाकरी आणि शेंगांची चटणी देत होत्या. खरं म्हणजे तोवर त्यांनी ती एकट्या युवराजला दिली होती. पण तोही अडकलेलाच होता, म्हणून त्यानं अनेकवचन वापरलं. वैजयंतीनं दुपारच्या बातम्यांत ते मन लावून वाचलं.

थोड्या वेळानं टँकर हलला. रस्ता सुरू झाल्याचं जाहीर करून तिनं चहा मागवला. चहाच्या आधी फौजदार सिद्धलिंगप्पांचा फोन आला. रस्ता मोकळा होता, पण गाड्या हलत नव्हत्या. ट्रक, जीपा आणि भरलेली एसटी तानाबाईंच्या दारात उभी होती. कंडक्टर लोकांना रांगेत बसवत होता.

“मॅडम, बातमी तुमी दिली, आता तुमीच निस्तरा,” फौजदार शांतपणे म्हणाले. “भाकरी संपली म्हणून सांगा.”

“पण खरंच संपलीय का?”

“संपंल की.”

आजवर वैजयंतीनं जाणूनबुजून खोटी बातमी वाचली नव्हती. पण त्या एसटीत कुणी दवाखान्याला निघालेलंही असेल, असं मनाशी म्हणत तिनं वाचलं. ड्रायव्हर लोकांनी ऐकलं, आणि बघता बघता रस्ता रिकामा झाला.

मग युवराजच्या नंबरवरून फोन आला. बोलत होत्या मात्र तानाबाई.

“रेडिओवाली बाई तूच न्हवं? माज्या घरात भाकरी संपली म्हनून तूच सांगितलंस?”

वैजयंतीनं कबूल केलं. तानाबाई आवाज न चढवता सांगत राहिल्या. शेजारच्या सुना तवे घेऊन आल्या होत्या, पिठाचा डबा अजून भरलेला होता, चुली पेटलेल्या होत्या. आणि आत्ताच करकंबच्या नणंदेनं फोन करून विचारलं होतं, वैनी, पीठ पाठवून देऊ का?

“जन्मात तिला बोलायला जागा दिली न्हाई मी,” तानाबाई म्हणाल्या.

ते वैजयंतीला फार लागलं. दुरुस्ती वाचते, असा तिनं शब्द दिला. पण फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, भाकरी आहे म्हटलं की रस्ता पुन्हा बंद. तिनं फौजदारांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. काय होईल ते होवो, पण आपण खरं सांगणार, हेही सांगितलं.

फौजदारांना उत्तर द्यायला वेळ लागला. तोंडात काहीतरी होतं. मागं युवराज चटणी मागत होता.

“द्या की दुरुस्ती, बाईंच्या अब्रूचा प्रश्न हाय,” घास गिळून ते म्हणाले. “फकस्त जरा दमानं द्या. आमची पंगत आत्ताशी बसलीय.”