तोंडात ऊन जाते काय?

आमच्या दारव्ह्यात माझे शेजारी गोविंदभाऊ यांच्याशी हात मिळवायला लोक घाबरतात. भाऊ हात सोडतच नाहीत. तळवा उताणा करून उजेडाकडे धरतात, रेषा काळ्या पडल्यात का ते निरखतात आणि म्हणतात, "आता हिरड्या दावा."

गल्लीतल्या एका लग्नात नवरदेवाच्या मामानं त्यांना ज्योतिषी समजून बदली कधी होईल ते विचारलं. भाऊंनी उलट त्यालाच विचारलं, की मीठ चाटावंसं वाटतं का, उठताना चक्कर येते का. मामा दूरच्या पंगतीत जाऊन बसला.

मलाही त्यांनी सकाळी सकाळी यवतमाळला नेऊन रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट उत्तम आला. त्यांनी धरून नेलेल्या सगळ्यांचेच तसे आले. गाव त्यांना 'हिरडीमास्तर' म्हणतं. मलाही हसू येतं आणि लगेच जीव तुटतो, कारण भाऊंची बायको, आमच्या वहिनी, कशानं गेल्या ते मला माहीत आहे.

वहिनी वाळत गेल्या, काळवंडत गेल्या. कापूस वेचणीचे दिवस होते, उन्हानं रापल्या असं सगळेच म्हणाले. जेवताना त्या मिठाची चिमूट नुसतीच तोंडात टाकायच्या. इथल्या डॉक्टरनं हिरड्यांचा काळेपणा पाहिला होता, पण तंबाखूच्या मंजनाचा समजून सोडून दिला. वहिनी मंजन लावत नाहीत, हे माझ्या बायकोलासुद्धा ठाऊक होतं.

मग उलट्या सुरू झाल्या आणि एका सकाळी खाटेवरून उठताना त्या कोसळल्या. मोठ्या दवाखान्यात कळलं, की मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी केव्हाच निकामी झाल्या होत्या; काळेपणा आणि मिठाची ओढ त्यामुळेच होती. वेळेत कळलं असतं तर रोजच्या गोळ्यांवर बाई जगली असती. त्या पुन्हा शुद्धीवर आल्याच नाहीत. तेव्हापासून कोणी उन्हानं रापलो म्हटलं, की भाऊंचं ठरलेलं, "अन् हिरड्या? तोंडात ऊन जाते काय?"

इथल्या त्या डॉक्टरला मी मनातून कधी माफ केलं नाही. भाऊ मात्र त्याच्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

परवा मला ताप होता, म्हणून भाऊ त्याच डॉक्टरच्या दवाखान्यात माझ्यासोबत आले. आत एक जोडपं बसलं होतं. डॉक्टर त्या बाईला विचारत होता आणि उत्तरं नवरा देत होता. बाकावरचे भाऊ ताडकन उठले, "तू चूप बस, तिले बोलू दे" म्हणत त्या नवऱ्याच्या अंगावर धावून गेले.

मी त्यांना ओढून बाहेर आणलं. चूक डॉक्टरची, राग त्या गरिबावर कशाला, असं मी म्हणालो.

भाऊ दवाखान्याच्या पायरीवर बसले.

"डॉक्टरनं इचारलं होतं मले, बाई मंजन लावते काय म्हणून. मीच हो म्हणून देल्लं. सगळ्या बाया लावतेत, हीबी लावत असन, असं वाटलं. ती बाजूलेच बसून होती. चारचौघात मले खोटं पाडा लागन, म्हणून बोललीच नाई."