नेव्हिलनं घर सरळ केलं

"टेबल म्हणजे काय रे लेका? चार पाय आणि वर फळी! शुक्रवारी आणतो, शनिवारी सकाळी पहिला डाव लावतो!"

नेव्हिल टक, म्हणजे सगळ्यांचा नेव्ह, भर पबात छाती काढून बोलला. बोलायला पैसे पडत नाहीत. पडत असते, तर गनाबारा गावातले निम्मे गडी मुके झाले असते.

स्टेशनासमोरचा तो पब कायमचा बंद होणार होता. गेली पस्तीस वर्षं नेव्ह, त्याचा दोस्त मर्व्ह आणि मर्व्हचा भाऊ डेस दर गुरुवारी तिथं पूल खेळायचे, म्हणजे टेबलावरचे बॉल काठीनं कोपऱ्यातल्या भोकांत घालायचे. मालक म्हणाला, दोनशे डॉलर द्या आणि टेबल घेऊन जा, पण न्यायची कटकट तुमची. नेव्हनं खिशातनं नोटा काढल्या आणि हातावर ठेवल्या. बायकोला विचारायचं राहिलं. मुद्दामच राहिलं म्हणा.

बायकोनं, डल्सीनं, ऐकून घेतलं. मोठी शहाणी बाई. तिनं एवढंच विचारलं, "शनिवारी माझं काय आहे, ठाऊक आहे ना?"

ठाऊक नसायला काय झालं! सगळ्या गावाला ठाऊक होतं. गावच्या शेतकी प्रदर्शनात सुक्या मेव्याच्या केकमध्ये डल्सीचा नऊ वर्षं ओळीनं दुसरा नंबर आला होता. नऊ वर्षं! दुसरी कोणी असती, तर ओव्हन विहिरीत टाकून मोकळी झाली असती. आणि यंदा कमिटीनं तिलाच परीक्षक नेमलं होतं. शनिवारी सकाळी अकराला. नवी निळी हॅट आणली होती. अकरा म्हणजे अकरा, एक मिनिट उशीर झाला तर कमिटीची बाई दुसरीला खुर्चीत बसवायला टपलेलीच होती.

"तुझं सगळं होईल गं," नेव्ह म्हणाला. "तुला टेबलाचा पत्तासुद्धा लागणार नाही!"

शुक्रवारी पत्ता लागला. वरची फळी फळी नव्हतीच, दगडाच्या तीन लाद्या होत्या! एकेक लादी गाभण गाईएवढी जड. आणि नेव्हचं घर तिकडच्या सगळ्या जुन्या घरांसारखं लाकडी खांबांवर, पुरुषभर उंच उभं. चढायला चौदा पायऱ्या.

"धर, धर! अरे तिकडनं धर!"

"तिकडनंच धरलंय! तू सोडलंस!"

"मी कुठं सोडलं? माझी कंबर गेली!"

"कंबर राहू दे, लादी सांभाळ!"

डेसनं मागनं एकट्यानं निम्मा भार उचलला होता. तो फार बोलत नाही. अंगावर झाड पडलं तरी "हो का" म्हणेल, तसला माणूस.

अंधार पडायच्या आत टेबल उभं राहिलं. हिरवं कापड ताणून बसवलं. नेव्हनं पांढरा बॉल अलगद मधोमध ठेवला. बॉल क्षणभर थांबला. मग जेवण झाल्यावर म्हातारा डुलकी काढायला निघावा तसा सावकाश निघाला, आणि न्हाणीघराकडच्या कोपऱ्यातल्या भोकात जाऊन पडला.

दुसरा ठेवला. तोही तिकडंच.

"वारा असेल," मर्व्ह म्हणाला.

"घरात?"

"हो का," डेस म्हणाला.

मग पायाखाली सारायला सुरुवात झाली. बियरच्या ग्लासाखालच्या चकत्या सारल्या. चर्चचं गाण्यांचं पुस्तक सारलं. शेवटी नेव्हला कपाटाच्या खणात जाड कार्डांचा एक गठ्ठा सापडला. नेमकी हवी तेवढी जाडी! बघितलं कोण, काय लिहिलंय! सारली. बॉल थांबला. तिघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मिठ्या सुटेपर्यंत बॉल परत कोपऱ्याकडं निघाला होता.

कारण साधं होतं. त्या कोपऱ्याखालचा खांब तीस वर्षं जमिनीत खचत होता, आणि आता वर तीन गाभण गाई येऊन बसल्या होत्या. घर जरा खचलं की दारं अडायची. दार अडलं की नेव्ह रंधा काढून दार तासायचा. इतकी वर्षं तासून तासून त्या घरात एक दार चौकोनी उरलं नव्हतं. घर जेवढं वाकडं, दारं तेवढीच वाकडी. म्हणून तर संसार झकास चालला होता!

शनिवारी सकाळी मर्व्ह रेल्वेचा जुना जॅक घेऊन हजर. नोकरीत असताना त्यानं त्या जॅकनं मालगाडीचे डबे उचलले होते.

"नेव्ह, रातभर विचार केला मी. तुझं टेबल वाकडं नाहीच. तुझं घर वाकडं आहे!"

नेव्हच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शहाण्या माणसानं टेबल उचललं असतं. यांनी घर उचलायला घेतलं!

साडेनऊला डल्सी केसांना रोलर लावून न्हाणीघरात गेली. नेव्ह वर टेबलावर पाणसळ ठेवून डोळे लावून बसला. मर्व्ह आणि डेस खाली जॅकचा दांडा मारायला लागले.

"अजून!" नेव्ह वरनं ओरडला.

कर्रर्र! घर असं कण्हलं, की छपरातनं दोन पाली खाली पडल्या.

"अजून! अजून थोडं! बास! बास!! हलू नका!"

पाणसळीतला बुडबुडा बरोबर मध्यावर. नेव्हनं बॉल ठेवला. बॉल थांबला. नेव्हनं शंभर मोजले. बॉल जागचा हलला नाही. नेव्हचे डोळे भरून आले. लग्नात आले नव्हते एवढे आले.

"डेस, जा रे, गरम पॅटिस घेऊन ये सगळ्यांना! मटणाच्या सारणाची! माझ्याकडनं!"

डेस गाडी घेऊन गेला. आणि तेवढ्यात न्हाणीघरातनं आवाज आला.

"नेव्हिल?"

नेव्ह नव्हे, नेव्हिल! तीस वर्षांत तिनं पूर्ण नाव चारदा घेतलं होतं, आणि चारही वेळा नेव्ह कोंबड्यांच्या खुराड्यामागं झोपला होता.

"काय गं राणी?"

"दार उघडत नाही."

नेव्हनं ढकललं. ओढलं. खांद्यानं धडक दिली. खांदा हलला, दार नाही. वाकडं दार सरळ चौकटीत असं रुतलं होतं, जसं बाटलीत बूच. मग त्यानं पळत जाऊन घरातली बाकीची दारं बघितली. सगळी गच्च! मागचं दार तर उघडंच अडकून बसलं होतं.

"नेव्हिल, किती वाजले?"

"दहा… दहा वाजून थोडे."

"थोडे म्हणजे?"

"वीस."

आतनं एक रोलर दारावर येऊन आदळला.

मर्व्ह धापा टाकत वर आला. "खिडकीतनं काढू."

"खिडकीतनं मांजर अडकतं, मर्व्ह! माझी बायको काय मांजर आहे?"

"मग कुऱ्हाड आण."

"कुऱ्हाड?" आतनं डल्सी कडाडली. "हे दार माझ्या बापानं स्वतःच्या हातानं केलंय! त्याला कुऱ्हाड लावाल, तर तीच तुमच्या टेबलाला लावीन. आणि मग तुमच्याकडं वळेन!"

"बरं बरं, मग घर खाली घेऊ," नेव्ह म्हणाला. "जसं होतं तसं. मर्व्ह, पळ! जॅक सोड!"

मर्व्ह जागचा हलला नाही. गडी पार पांढरा पडला होता.

"दांडा," तो म्हणाला. "जॅकचा दांडा मी डेसच्या गाडीत टाकला. मागं."

दोघंही रस्त्याकडं बघत उभे राहिले. साडेदहा झाले. नेव्ह दाराला कान लावून बसला. आत डल्सी कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होती.

"आत कोण आहे गं?"

"बेडूक आहे. खिडकीतला. त्याला सांगतेय, की नऊ वर्षं माणूस वाट बघतो. नऊ वर्षं तोंड भरून हसत दुसरा नंबर घेतो. आणि एक दिवस त्याचा नवरा टेबल विकत घेतो."

नेव्ह उठला, टेबलापाशी गेला, आणि ते पोटचं पोर असल्यासारखं त्याच्या पाठीवर हात फिरवून म्हणाला, "मर्व्ह, ती अकराला तिथं पोचली नाही, तर मी हे आपल्या हातानं फोडणार बघ. आई शप्पथ."

तेवढ्यात गाडीचा आवाज आला! डेस हातात गरम पिशवी घेऊन रमतगमत उतरला.

"डेस! दांडा! डल्सी आत अडकलीय!"

"हो का," डेस म्हणाला. पण पिशवी टाकून जो धावला, तसा डेस धावताना गावानं अजून बघितला नाही. खाली लोखंड खणखणलं. घर कण्हलं, एका अंगावर कललं, बुडाखाली उशी घेतल्यासारखं जुन्या जागी बसलं. आणि न्हाणीघराचं दार कोणी न ढकलता आपोआप उघडलं.

डल्सी बाहेर आली. निम्म्या डोक्यावर रोलर तसेच. कोणाकडं बघितलं नाही. हॅट उचलली, रोलरांसकट डोक्यावर दाबली आणि डेसच्या गाडीत जाऊन बसली.

"अकराला दोन कमी असताना पोचवली," डेस परत येऊन म्हणाला. जन्मात एवढं मोठं वाक्य बोलला नव्हता. तिघं पायरीवर बसले आणि धूळ झटकून गार पॅटिस खाल्ली. नेव्ह म्हणतो, तसं पॅटिस त्यानं पुन्हा कधी चाखलं नाही.

तीनला डल्सी परतली. चेहरा खुललेला, हॅट तिरपी. "काय केक होते गं बाई!" म्हणत आत आली. रोलर कोणाला दिसले नव्हते. नेव्हनं सकाळपासून अडकवलेला श्वास तेव्हा कुठं सोडला.

मग तिची नजर टेबलाच्या पायाकडं गेली. ती वाकली. कार्डं ओढून काढली. एक, दोन, तीन… नऊ. नऊच्या नऊ कार्डांवर सोनेरी अक्षरात 'दुसरा क्रमांक'.

नेव्हनं खुराड्याकडं बघून घेतलं.

"घराला हात लावायचा नाही," डल्सी शांतपणे म्हणाली. "आणि ह्या टेबलाखाली पुन्हा काही सारलंस, तर तुलाच खाली सारीन. टेबल आहे तसं राहील."

"पण राणी, असल्या टेबलावर खेळायचं कसं?"

"आण ती काठी इकडं."

तिनं आयुष्यात काठी धरली नव्हती. झाडू धरावा तशी धरली. भोक एकीकडं, हिनं मारलं दुसरीकडंच! मर्व्ह हसायला लागला. बॉल गेला, वळला, रेंगाळला, आणि थेट भोकात! दुसरा बॉल, तिसरा, चौथा! नेव्ह हरला. मर्व्ह हरला. डेसचा तर एकही बॉल गेला नाही.

"हो का!" डेस ओरडला.

"कसं गं? कसं जमतं तुला?"

"तीस वर्षं ही जमीन मी पुसतेय," डल्सी काठीच्या टोकाला लावलेला खडू फुंकत म्हणाली. "बादली लवंडली की पाणी कुठनं कुठं पळतं, ते तुम्हाला काय ठाऊक!"

तेव्हापासून त्या घरातली जमीन नेव्हिल पुसतो. दिवसातनं दोनदा. गावाला सांगतो, सराव चाललाय!